उतराई

आई गेली ती श्रावणात. सुतकाच्या दिवसांत आमच्या घरी चूल पेटली नाही, तरी दोन्ही वेळची ताटं भरलेली होती. ठाण्यातली आमची इमारत जुनी, चार मजल्यांची. समोरच्या काकू सकाळी भात-वरण ठेवून जायच्या, खालच्या वहिनी संध्याकाळी पोळी-भाजी आणायच्या. कोण काय घेऊन आलं हे त्या दिवसांत मला नीटसं कळतही नव्हतं. दार वाजायचं, कुणीतरी हातात डबा द्यायचं, खांद्यावर हात ठेवायचं आणि न बोलता परत जायचं. सगळे विधी आटोपले, पाहुणे गेले, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचे पाच डबे उरले होते. मी ते घासून, पुसून पालथे घातले. चार डब्यांवर नावं कोरलेली होती. पाचव्यावर काहीच नव्हतं.

ते डबे तीन महिने तिथेच राहिले. आईनं उभ्या आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. कधी दोन लाडू, कधी लिंबाच्या लोणच्याच्या चार फोडी, कधी कुंडीतल्या कढीलिंबाची डहाळी. घरात अगदीच काही नसेल तर ती चिमूटभर साखर तरी घालायची आणि मगच मला म्हणायची, "जा, देऊन ये." आता त्या पाच डब्यांत काय घालून द्यायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. त्या दिवसांतल्या त्या अन्नाला शोभेल असं माझ्याकडे काय होतं? एखादा डबा हातात घ्यायची आणि पुन्हा पालथा घालून ठेवायची.

दसऱ्याला भाची आली. तिनं मला एक सुंदर बांधणीची वही दिली आणि म्हणाली, "मावशी, रोज झोपताना यात तीन गोष्टी लिही. ज्यांच्याबद्दल तुला कृतज्ञ वाटतं अशा." तिनं ते फार मायेनं सांगितलं होतं. पहिल्या रात्री मी लिहिलं: घर, तब्येत, नोकरी. दुसऱ्या रात्रीही तेच तीन शब्द लिहिले गेले. तिसऱ्या रात्री वही उघडी ठेवून बराच वेळ बसून राहिले. शब्द खरे होते, पण लिहिताना आत काही हलत नव्हतं. मग वही मिटली. ती मी कपाटात ठेवली नाही, बॅगेत टाकली, कारण त्याच आठवड्यात मनाशी पक्कं केलं होतं की कार्तिकात चार दिवस कुठंतरी शांत ठिकाणी जाऊन राहायचं.

ते ठिकाण म्हणजे रतनवाडी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कुशीत असलेलं गाव. कामावरच्या एका ओळखीतून तिथल्या एका घरात राहण्याची सोय झाली.

ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल पकडली. कसाऱ्याला उतरून जीपनं घाट चढून घोटीला आले. घोटी ही भाताची बाजारपेठ. नोव्हेंबर संपत आलेला, त्यामुळे रस्त्याच्या कडेला पोत्यांच्या थप्प्या, आणि हवेत भाताच्या तुसाचा तो सुका, किंचित गोड वास. तिथून एसटी. बारी गाव आलं तसा डाव्या-उजव्या खिडक्यांतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरांचं कळसूबाई, ऊन अंगावर घेऊन उभं होतं. माझ्या शेजारच्या आजींनी बसल्या जागेवरून हात जोडले. ओठ हलले नाहीत, डोळे मिटले नाहीत, पिशवी मांडीवरून घसरू नये म्हणून कोपरानं दाबून धरली होती, आणि त्याच अवस्थेत दोन्ही तळवे क्षणभर जुळले. मग त्यांनी पिशवी सारखी केली आणि शेजारणीशी मोडलेलं बोलणं पुढे सुरू केलं. वहीत लिहिण्यासारखी पहिली गोष्ट मला तिथं दिसली होती, हे मात्र नंतर लक्षात आलं.

शेंडीला उतरून काळी-पिवळी जीप मिळाली. रस्ता जलाशयाच्या कडेकडेनं जातो. हे भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी. लोक त्याला आर्थर लेक म्हणतात. पाऊस संपून दीड महिना झाला होता आणि तलाव अजून भरल्यासारखा दिसत होता. कोलटेंभे मागं पडलं, तसा समोर रतनगड आला आणि त्याच्या शेजारी सरळ आकाशात घुसलेला खुट्टा नावाचा सुळका. गडाच्या माथ्यावर सुईच्या नेढ्यासारखं आरपार भोक आहे, त्याला नेढंच म्हणतात. माझे गुडघे आता गड चढू देत नाहीत. पण त्या गडाच्या पायथ्याशी चार दिवस नुसतं बसायला मिळणार होतं, तेवढं मला पुरेसं होतं.

घर कौलारू. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या विणून त्यावर शेणमातीचा गिलावा दिलेल्या. पुढे पडवी, शेणानं सारवलेली. घरच्या बाईंना मी मावशी म्हणू लागले आणि त्या मला ताई म्हणू लागल्या. आमच्या वयात फारसं अंतर नव्हतं, पण पाहुणीचं आणि यजमानणीचं नातं असं दोन हाकांत ठरून गेलं. घरात त्या, त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि सात-आठ वर्षांची नात. थोरले दीर आळंदीला गेले होते. कार्तिक वद्य एकादशी जवळ आली होती आणि माउलींच्या समाधिसोहळ्याला ते दरवर्षी जातात.

मोबाइलला रेंज नव्हती. पहिले दोन तास हात सारखा पर्सकडे जात होता. तिसऱ्या तासाला गेला नाही. संध्याकाळी चुलीपुढं बसले. मावशी नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या. नागलीला चिकटपणा नसतो, पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं, आणि थापताना कड फुटू द्यायची नसेल तर तळव्याला सवय हवी. पहिली भाकरी तव्यावरून उतरली. तिचा चतकोर मोडून त्यांनी बाजूच्या ताटलीत ठेवला. नंतर सुनेनं तो उचलून गोठ्यात नेला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मला आईची आठवण आली. तीही पहिल्या पोळीचा तुकडा काढून ठेवायची. आमच्या इमारतीखाली गाय नव्हती, तो तुकडा खिडकीच्या कठड्यावर कावळ्यासाठी जायचा. आई गेल्यावर मी पोळ्या करत होते, पण तुकडा काढत नव्हते. तीन महिने कठडा रिकामा होता, आणि ही गोष्ट मला शंभर किलोमीटरांहून दूर येऊन, दुसऱ्याच्या चुलीपुढं बसल्यावर कळत होती.

ताटात हुलग्याचं पिठलं, खुरसणीची चटणी, भाकरी आणि नंतर भात. भात वाढताना झाकण उघडलं आणि सगळं स्वयंपाकघर दरवळलं. "काळभात," मावशी म्हणाल्या. टरफल काळपट म्हणून हे नाव. हा इथला जुना, वासाचा तांदूळ. जास्त उतारा देणाऱ्या नव्या वाणांपुढं अशी जुनी बियाणी मागं पडत गेली. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ती घरोघर फिरून गोळा केली, मडक्यांत राखेत जपली, लावून वाढवली आणि इतरांना वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बीजमाता हे नाव महाराष्ट्रभर पोचलं. त्यांच्या कामातली एक रीत मला फार आवडते: बियाणं घेऊन जाणाऱ्यानं पीक आल्यावर त्याच्या दुप्पट बियाणं परत आणून द्यायचं. घेतलेलं भांडं भरून परत करण्याची ती शेतातली पद्धत आहे.

रात्री झोपताना वही काढली. दिवा नव्हता असं नाही, पण मला लिहावंसं वाटलं नाही. अंधारात पडून ऐकत राहिले. गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातली घंटा तो मान हलवील तेव्हा वाजायची. दूर पाण्याकडून कुठल्याशा पाखराची हाक यायची. मधल्या वेळात काहीच नसायचं. ठाण्यात शांतता म्हणजे आवाज कमी होणं. इथं ती स्वतंत्र गोष्ट होती, अंगावर पांघरूण घ्यावं तशी घेता येणारी.

सकाळी पडवीत कोरा चहा मिळाला. फार गोड होता. पाहुण्याच्या चहात साखर जास्त घालायची, हे आमच्या आजोळीही होतं. समोर धुक्यातून जलाशयाचा एक तुकडा दिसत होता. मावशींचे यजमान खांबाला टेकून बसले होते. मी सहज विचारलं, "बाबा, हे पाणी पुढं कुठवर जातं?"

"लांब," ते म्हणाले. "पार उसाला जातं."

एवढंच बोलून ते गप्प झाले. पण त्यांच्या त्या एका शब्दानं माझा कप मध्येच थांबला. भंडारदऱ्याचं हे दगडी धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावानं ते विल्सन डॅम म्हणून ओळखलं जातं. अडीचशे फुटांहून उंच. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा इथं अडवली, आणि तिचं पाणी अकोले, संगमनेर करत खाली पूर्वेच्या सपाट, कोरड्या मुलखाला पोचवलं. दुष्काळानं गांजलेल्या त्या जमिनीत ऊस उभा राहिला. १९५० मध्ये त्याच पाण्यावर, लोणीजवळ प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं मार्गदर्शन त्यामागं होतं. महाराष्ट्रातल्या साखरेच्या सहकाराची सुरुवात तिथली.

म्हणजे माझ्या आईच्या डब्यात एवढ्या वर्षांत जी साखर येऊन पडली, तिच्यातली किती या डोंगरावरच्या पावसातून आली असेल! चिमूटभर साखर आमच्या स्वयंपाकघरातून शेजारी जायची, आणि तिच्या मागं हे धुकं होतं, हा घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस होता, धरणाखाली गेलेली इथली भातखाचरं होती. मी आयुष्यभर ती साखर खाल्ली आणि या गावाचं नाव मला पन्नाशीनंतर कळलं.

"इथं उन्हाळ्यात पाणी असतं?" मी विचारलं.

मावशी आतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं. "पावसाळ्यात नको नको म्हणण्याइतकं. चैत्र लागला की झरे आटतात. मग हंडे घेऊन लांब जायचं."

"राग नाही येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "डोळ्यापुढं पाणी दिसतं आणि डोईवर हंडा असतो. राग कसा नाही येणार?" मग माझा रिकामा कप उचलत म्हणाल्या, "पण पाणी खालीच जायचं. त्याला वर कोण नेणार?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार होती आणि ती रास्त होती. जे आपल्याला आयतं मिळतं त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी हंड्यानं मोजलेली असते. हे कळल्याशिवाय आभार मानायला लागलो, तर ते फार स्वस्तात मानलेले आभार ठरतील असं मला त्या सकाळी वाटलं.

दुपारी अमृतेश्वराच्या देवळात गेले. गावाच्या अंगालाच आहे. हजार वर्षांच्या आसपासचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं. झंझ राजानं ते बांधवलं असं सांगतात. काळ्या दगडाचं. शिखराकडे नीट पाहिलं तर त्याच शिखराची लहान लहान प्रतिरूपं एकावर एक रांगेनं रचलेली दिसतात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. मी गेले तेव्हा पाणी उतरलं होतं, पण दगड अजून ओले होते आणि आत पाऊल टाकताच तळव्यांना गारवा कळला.

देवळाच्या अलीकडे पुष्करणी आहे. पायऱ्या उतरत खाली जातात, भिंतींत कोनाडे आहेत आणि कोनाड्यांत मूर्ती. मी सर्वांत वरच्या पायरीवर बसले. मावशींची नात माझ्याबरोबर आली होती. तिनं चपला बाहेर काढल्या, पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मगच पाण्यात खडा टाकायला सुरुवात केली. खेळण्याआधी परवानगी घ्यावी तसं ते होतं. आपण घरातही उंबऱ्याला पाय लागला तर हात लावून कपाळाला नेतो, पुस्तकाला पाय लागला तर नेतो. या साध्या खुणा आहेत, पण शरीराला त्या येतात. माझ्याही हाताला त्या येत होत्या. मध्यंतरी हात विसरला होता.

प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. उगमाशी ती कशी दिसते ते पाहावं म्हणून नात मला गावाबाहेर ओढ्याकडे घेऊन गेली. गडावरून खाली आलेलं, दगडागोट्यांतून वाट काढणारं, कुठं कुठं तर एका ढांगेत ओलांडता येईल एवढंसं पाणी. हेच पुढं धरण होतं, कालवा होतं. आणि याच नदीच्या काठी नेवाशात, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिथून थोडं पुढं गेलं की प्रवरा गोदावरीला मिळते. नेवाशातला पैसाचा खांब मी लहानपणी आईबरोबर पाहिला होता. आईनं खांबाला डोकं टेकवलं होतं आणि मला एवढंच सांगितलं होतं की इथं बसून माउलींनी सांगितलं. नऊ हजार ओव्या सांगून झाल्यावर ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं, आणि ते साऱ्या जगासाठी मागितलं. स्वतःच्या श्रमाचं फळ त्यांनी पुढच्यांच्या ओटीत घातलं.

त्या ओढ्यात पाय सोडून बसले असताना माझ्या डोक्यात 'उतराई' हा शब्द आला. आपण म्हणतो, तुमच्या ऋणातून उतराई कशी होऊ. शब्दात 'उतरणं' आहे. ऋण डोक्यावरच्या ओझ्यासारखं आहे आणि ते खाली ठेवायचं, असा त्याचा अर्थ मी धरून चालले होते, म्हणून तर पाच डब्यांची एवढी धास्ती. पण समोरचं पाणीही उतरत होतं. रतनगडानं ते दिलं आणि त्यातला थेंबही गडाला परत जाणार नव्हता. ते कोलटेंभ्याला जाणार, अकोल्याला जाणार, कुणाच्या तरी शेतात जाणार. गडाची उतराई होण्याचा पाण्याला ठाऊक असलेला मार्ग तोच.

तिसऱ्या दिवशी झोडणी होती. घरामागं खळं सारवून ठेवलेलं. इथं कामाला सावड असते: आज सगळे यांच्या खळ्यावर, उद्या यांच्यातले दोघं दुसऱ्याच्या खळ्यावर. मजुरी कुणी कुणाला देत नाही, हिशेब कुणी लिहीत नाही आणि तो कुणाचा चुकत नाही. सकाळी आठ-नऊ माणसं आली. खळ्यावर येण्याआधी प्रत्येकानं चपला बाहेर काढल्या. भाताच्या पेंढ्या हातात धरून फळीवर आपटायच्या. दोन-तीन फटक्यांत दाणे खाली झडतात, हातात पेंढा राहतो. मला वाटलं होतं तसं हे नुसतं जोराचं काम नाही. मनगट सैल ठेवावं लागतं. मावशींच्या सुनेनं माझ्या मागं उभं राहून माझा हात धरला आणि एकदा करून दाखवलं. दहाएक पेंढ्यांनंतर जमू लागलं. अर्ध्या तासात तळहात लाल झाले, मानेला तूस चिकटून खाज सुटली, पण थांबावंसं वाटेना. आठ माणसांच्या आपटण्याची एक लय लागते आणि आपला फटका त्यात बसला की शरीराला फार बरं वाटतं. आई गेल्यापासून इतक्या माणसांबरोबर मी एका कामात अशी मिसळले नव्हते.

दुपारनंतर वारं सुटलं. मावशी सूप उंच धरून भात उफणू लागल्या. पळिंज आणि तूस वाऱ्यावर उडून जायचं, भरलेला दाणा सरळ पायाशी पडायचा. उन्हात ती पडणारी धार पिवळीधमक दिसत होती. रास तयार झाली. बाबांनी तिच्यावर विळा ठेवला, झेंडूचं एक फूल ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. सगळ्यांनी हात जोडले. आधी देवाचा वाटा सुपात वेगळा काढला गेला, मग मापाला सुरुवात झाली. शेताकडे नजर गेली तर कापलेल्या खाचरात दोन म्हाताऱ्या बाया वाकून सांडलेल्या लोंब्या वेचत होत्या. सरवा. मावशींना म्हटलं, तुमच्या घरच्या का? "नाही, वाडीतल्या. सरवा कुणी अडवत नाही," त्या म्हणाल्या. पिकवलेल्यातलं थोडं शेतातच राहू द्यायचं, ते ज्याला लागेल त्यानं न्यावं. पाखरंही त्यातलंच खातात.

दिवसभरात कुणाच्या तोंडून 'धन्यवाद' ऐकला नाही. सावडीला आलेली माणसं जेवली, पानं झाली, "चला, येतो" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मुलगा विळे घेऊन कुणाच्या तरी खळ्यावर निघालेले मी पाहिले. आदल्या दिवशीचे आभार ते असे पायी चालत पोचते करत होते.

शेवटच्या रात्री पडवीत बसलो होतो. थंडी चांगलीच होती. चंद्र उशिरा उगवणार होता, त्यामुळे आकाश गच्च भरलेलं. कृत्तिकांचा घोस वर आला होता, त्याच्याखाली तांबूस रोहिणी, आणि डोंगराच्या कडेवरून मृग नुकता डोकं काढत होता. शेकोटीत मावशींनी एक लाकूड सरकवलं. वाटेत शेंदूर लावलेला वाघाचा दगड दिसला होता, त्याबद्दल मी विचारलं. "वाघोबा," त्या म्हणाल्या. "वाघबारस झाली ना दिवाळीला. गुराख्यांनी खीर केली, नारळ वाढवला." गुरं रानात जातात आणि परत येतात. येतात म्हणून वाघोबाला नैवेद्य. ज्यानं नेलं नाही, त्याचेही इथं आभार मानतात.

मग मी त्यांना डब्यांची गोष्ट सांगितली. आईची, श्रावणाची, ओट्यावर पालथ्या घातलेल्या पाच डब्यांची. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"किती महिने झाले म्हणालात?"

"तीन."

"मग त्या बाया काय म्हणत असतील?"

"काही नाही म्हणत. भेटल्या की विचारतात, जेवलीस का."

"मग झालं तर," मावशी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. माझी समजूत घालण्याचा त्यांनी मुळीच प्रयत्न केला नाही. थोड्या वेळानं मला आतून सूप हलवल्याचा, मग कापडात काही ओतल्याचा आवाज आला.

सकाळी निघताना त्यांनी तीन-चार किलो काळभाताचं फडकं माझ्या हातात दिलं. मी पैशाचं नाव काढलं तशी त्यांनी मान हलवली. "राहण्याचे दिलेत ना? हे त्यातलं नाही." नातीनं कपाळाला कुंकू लावलं. मी "निघते" म्हणाले. मावशी म्हणाल्या, "येते म्हणा, ताई."

"येते," मी म्हणाले.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या तांदळाचा भात केला. पहिली पोळी तव्यावरून उतरली तेव्हा तिचा तुकडा काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. कावळा यायला वेळ लागला, पण आला. मग चार डब्यांत गरम भात, वर साजूक तुपाची धार, आणि ज्याच्या त्याच्या नावाचा डबा घेऊन मी मजले उतरले, चढले. समोरच्या काकूंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "तुझी आई असा वासाचा तांदूळ आणायची बघ कधीतरी." आम्ही दोघी दारातच बराच वेळ बोलत उभ्या राहिलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी आईबद्दल बोलताना हसले.

पाचवा डबा घेऊन मी सगळी दारं फिरले. कुणाचाच निघाला नाही. "आमचा नाही, पण छान आहे, राहू दे तुझ्याकडे," प्रत्येकीनं हेच सांगितलं. कोणी आणला होता, त्यात काय होतं, मी ते खाल्लं तेव्हा कुठं बसले होते, मला काहीही आठवत नाही. कुणीतरी एकानं मला त्या दिवसांत जेवायला घातलं आणि त्याचं घर मला कधीच सापडणार नाही. त्या रात्री भाचीची वही उघडली. घर, तब्येत, नोकरी यांच्या खाली लिहिलं: पाचवा डबा. मग त्याखाली भराभर लिहीत गेले. एसटीतल्या आजींचे जुळलेले तळवे, सैल मनगट, गोठ्याकडे गेलेला चतकोर, उफणताना पडणारी धार, "जेवलीस का". पान भरलं, तरी गोष्टी संपल्या नव्हत्या.

डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. टेम्पोतून सामान उतरत होतं, तान्हं मूल रडत होतं, त्याची आई दोन खोक्यांच्या मध्ये उभी राहून गॅसची नळी शोधत होती. मी घरात आले. पाचव्या डब्यात काळभाताचा मऊ भात आणि मेतकूट भरलं, लहान वाटीत साखर घातली आणि वर गेले.

तिनं डबा घेतला. उलटा करून पाहिला, कडेवर हात फिरवला. "यावर नाव नाहीये," ती म्हणाली. "परत कुणाला देऊ?"

"घाई नाही," मी म्हणाले. "आधी जेवून घ्या."